धूरवायूतील पारा : धातू-ऑक्साइड अधिशोषक

दगडी कोळशातला पारा बॉयलरच्या भट्टीत मूलद्रव्याच्या वाफेच्या रूपात सुटा होतो. धूर थंड होताना त्यातला काही पारा हायड्रोजन क्लोराइडमुळे मर्क्युरिक क्लोराइड बनतो, तर काही राखेला चिकटतो. राखेबरोबरचा पारा ईएसपीत (विजेच्या भाराने धुरातली राख पकडणाऱ्या यंत्रात) अडकतो. क्लोराइड पाण्यात विरघळत असल्याने ओल्या एफजीडीत (धुरातला सल्फर डायऑक्साइड धुऊन काढणाऱ्या यंत्रणेत) धुऊन निघते. मूलद्रव्य पारा मात्र दोन्हींतून निसटतो आणि भारतीय कोळशात क्लोरीन कमी असल्याने हा वाटा दुर्लक्षिण्याजोगा नसतो. २०१५ च्या केंद्रीय अधिसूचनेने पाऱ्यासाठी दर सामान्य घनमीटरला ०.०३ मिलिग्रॅमची मर्यादा घातली.

रूढ उपाय म्हणजे ईएसपीच्या आधी सक्रियित कार्बनची भुकटी फवारणे. पण हा कार्बन राखेत मिसळतो आणि काँक्रीटमध्ये हवेचे बुडबुडे टिकवणारे रसायन शोषून घेतो, म्हणून तशी राख घ्यायला ग्राहक कचरतात. मँगनीज, सिरियम, तांबे किंवा लोह यांच्या ऑक्साइडांचा अधिशोषक (पृष्ठभागावर पारा धरून ठेवणारा पदार्थ) म्हणून विचार होतो तो यामुळे.

यांपैकी मँगनीज सर्वांत क्रियाशील. साधारण १०० ते २०० अंश सेल्सिअसला पाऱ्याचा अणू पृष्ठभागावर टेकतो, ऑक्साइडच्या जालकातला (स्फटिकातल्या अणूंच्या मांडणीतला) ऑक्सिजन घेतो आणि मर्क्युरिक ऑक्साइड होऊन तिथेच राहतो. रिकामी जागा धुरातला ऑक्सिजन भरून काढतो. सिरियम मिसळल्यास हे काम जलद होते.

अधिशोषक बनवताना टायटॅनिया किंवा ॲल्युमिनाच्या (टायटॅनियम किंवा ॲल्युमिनियमच्या ऑक्साइडच्या) भुकटीत, छिद्रांत मावेल इतकेच मँगनीज नायट्रेटचे द्रावण थेंबाथेंबाने मुरवतात, सुमारे ११० अंशांवर वाळवतात आणि हवेत ४०० अंशांच्या आसपास भाजतात. ५०० च्या वर भाजले की चतुःसंयुजी (जास्त ऑक्सिजन धरणारे) मँगनीज घटते, कण एकमेकांत जुळतात आणि क्षमता उतरते.

खरी अडचण सल्फर डायऑक्साइडची. तो त्याच जागांवर मँगनीज सल्फेट बनवतो आणि ते पुनरुज्जीवनाच्या (वापरलेला अधिशोषक तापवून पुन्हा वापरण्याजोगा करण्याच्या) ४०० ते ५०० अंशांना जात नाही, पारा तेवढा उडून जातो. त्यामुळे कोरड्या नायट्रोजन-ऑक्सिजन मिश्रणात मिळालेले ९० टक्क्यांवरचे आकडे फारसे उपयोगाचे नाहीत. चाचणीत सल्फर डायऑक्साइड आणि पाण्याची वाफ हवीच. आणखी एक फसगत ठरलेली: निर्गमावर (धूर बाहेर पडतो तिथे) फक्त मूलद्रव्य पारा मोजला तर क्लोराइड होऊन निसटलेला पाराही ‘पकडलेला’ भासतो. म्हणून पोटॅशियम क्लोराइड आणि आम्लयुक्त पोटॅशियम परमँगनेटच्या बाटल्यांतून धूर नेऊन दोन्ही रूपे वेगळी मोजतात. नमुना-नळीही तापती ठेवावी लागते, एरवी क्लोराइड वाटेतच भिंतीला चिकटते.

लोह-मँगनीज स्पिनेलचा (या दोन धातूंच्या मिश्र ऑक्साइडचा) फायदा वेगळाच आहे: ते चुंबकीय असल्याने राखेतून चुंबकाने वेचता येते. मात्र राखेत मुळात मॅग्नेटाइट (लोहाचे चुंबकीय ऑक्साइड) असेल तर तेही सोबत येते.