आडावरचा सोनेरी हत्ती

इंग्लंडमधल्या ऑक्सफर्डशायरमध्ये, चिल्टर्न टेकड्यांवर स्टोक रो नावाचं छोटं गाव आहे. 1846 सालचं गारगोटीच्या दगडांचं चर्च, थोडीफार घरं आणि भोवती झाडी. पण रस्त्याकडेला लोखंडी खांबांवर एक घुमट दिसतो आणि त्याखाली रहाटावर उभा सोनेरी हत्ती. हा बनारसच्या महाराजांनी दिलेला आड.

पावसाच्या देशात पाण्याचं दान कशाला? तर या टेकड्या खडूच्या दगडाच्या. पडलेलं पाणी झिरपून खोल जातं, ओढा नाही की नदी नाही. लोक खड्ड्या-डबक्यांत साठलेलं पाणी भरायचे. तेही आटलं की लांबून आणायचं. घरातलं उरलंसुरलं पाणी पिऊन टाकलं म्हणून एका पोराने आईचा मार खाल्ला होता. शेजारच्या इप्स्डेनचे एडवर्ड रीड कंपनी सरकारच्या चाकरीत होते. त्यांनी ही हकिगत महाराज ईश्वरीप्रसाद नारायण सिंह यांच्या कानावर घातली. स्वतः रीड यांनी 1831 मध्ये आझमगडला विहीर खोदवली होती. पुढे इंग्लंडला काही द्यावं असं महाराजांच्या मनात आलं, तेव्हा त्यांना तो मार खाल्लेला पोरगा आठवला. अर्थात 1857 मध्ये महाराज इंग्रजांच्या बाजूने राहिले होते. दानात स्नेह होता तसं थोडं राजकारणही असावं, असं मला वाटतं.

1863 मध्ये खणायला सुरुवात झाली, तीही हातानेच. रुंदी फक्त 4 फूट आणि खोली 368 फूट! लंडनच्या सेंट पॉल कॅथीड्रलची उंचीसुद्धा याहून तीनेक फूट कमीच. 24 मे 1864 ला, व्हिक्टोरिया राणीच्या वाढदिवशी, आड गावासाठी खुला झाला. पाणी फुकट, पण घाम गाळून: भरलेला पोहरा वर यायला दहाएक मिनिटं रहाट फिरवावा लागे.

देखभालीच्या खर्चाचीही सोय होती. शेजारी चेरीची बाग लावली, तिची फळं विकून पैसा उभा राहायचा. बागेचं नाव ‘ईश्री बाग’, आणि तळं माशाच्या आकाराचं. इंग्लिश खेडूत हे नाव कसं उच्चारत असतील कोण जाणे.

पुढे नळ आले आणि रहाट थांबला. 1964 मध्ये शताब्दीला राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप आले होते. त्या दिवशी बनारसहून आणलेलं गंगाजल या आडात ओतलं गेलं.