नवा मोबाईल घेताय? आधी सिम कुठलं आणि गाव कुठलं ते सांगा

आमच्या काउंटरवर सगळ्यात जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे "फाईव्ह-जी आहे ना?" आता दहा-बारा हजारांच्या फोनच्या खोक्यावरही ५जी छापलेलं असतं, त्यामुळे उत्तर बहुतेक वेळा "आहे" असंच मिळतं. कृपा करून तेवढ्यावर फोन घेऊ नका. देवरुख, साखरपा, संगमेश्वर या आपल्या डोंगरदऱ्यांच्या भागात कुठला फोन नीट चालेल, हे दोन गोष्टींवर ठरतं: तुमचं सिम कुठल्या कंपनीचं आहे आणि फोन दिवसातला जास्त वेळ कुठे असणार आहे. कॅमेरा आणि बॅटरीची माहिती जाहिरातीत मिळते, नेटवर्कची मिळत नाही. म्हणून हे पत्रक.

बँड बघा

मोबाईलच्या लहरी वेगवेगळ्या फ्रिक्वेन्सीच्या पट्ट्यांत चालतात. या पट्ट्यांना बँड म्हणतात आणि प्रत्येकाला नंबर असतो. टॉवरवर चालू असलेला बँड तुमच्या फोनमध्येच नसेल, तर टॉवर अंगणातून दिसत असला तरी फोनला त्याचा उपयोग नाही.

फ्रिक्वेन्सी जितकी कमी, तितकी लहर लांब जाते आणि भिंतीतून आत शिरते. फ्रिक्वेन्सी जास्त असली की डेटा भरपूर येतो, पण पल्ला कमी. भारतात ५जी ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झालं. जिओ आणि एअरटेल, दोघांचंही मुख्य ५जी ३३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात, म्हणजे एन७८ बँडवर आहे. बाजारपेठेत, टॉवरच्या आसपास त्याचा स्पीड उत्तम मिळतो. जिओने २०२२ मध्ये सरकारने केलेल्या पट्ट्यांच्या लिलावात ७०० मेगाहर्ट्झचा पट्टाही घेतला, तो एन२८. टेकडीआडच्या वाडीत किंवा चिऱ्याच्या जाड भिंतींच्या जुन्या घरात खरा आधार याचाच. जिओचं सिम असेल तर फोनमध्ये एन२८ आणि एन७८ दोन्ही आहेत ना, हे बघून घ्या. ५जी नवीन असताना आलेल्या काही फोनमध्ये एक-दोनच बँड होते, जुना फोन घेताना हे विशेष तपासा.

५जी फोन घेतला तरी गावात बराच वेळ तो ४जीवरच असणार, तेव्हा ४जीचे बँडही तितकेच महत्त्वाचे. जिओ ३, ५ आणि ४० वर चालतं. एअरटेलला १, ३, ८ आणि ४० लागतात, व्हीआयला १, ३, ८ आणि ४१. बीएसएनएलचं ४जी मुख्यतः २८ आणि १ वर आहे. त्यातला २८ म्हणजे तोच लांब पल्ल्याचा ७०० मेगाहर्ट्झ, आणि बऱ्याच जुन्या फोनमध्ये नेमका तोच नसतो. बीएसएनएलच्या ग्राहकांनी आणखी एक करायचं: सिम जुनं असेल तर ते ४जीचं करून घ्यायचं, नाहीतर नव्या फोनमध्येही ४जी येणार नाही. आणि ४जीचा २८ असला म्हणजे ५जीचा एन२८ असेलच असं नाही, दोन्ही वेगवेगळे बघावे लागतात.

ही यादी खोक्यावर क्वचितच असते. कंपनीच्या भारतातल्या वेबसाईटवर पूर्ण मॉडेल नंबर टाकून बघा. फोनचं नाव एकच असलं तरी वेगवेगळ्या देशांतल्या मॉडेलचे बँड वेगळे असतात.

एसए आणि एनएसए

हे थोडं किचकट आहे, पण यात ग्राहकाची फसगत होते म्हणून सांगतो. जिओचं ५जी स्वतंत्र, म्हणजे एसए पद्धतीचं आहे. एअरटेलचं ५जी बहुतांश ठिकाणी ४जीच्या जोडीने चालतं, ती एनएसए पद्धत. बहुतेक फोनमध्ये दोन्हीची सोय असते, सगळ्यांत नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये दहा हजारांच्या आतला एक ५जी फोन बाजारात आला, तो फक्त एसएवर चालणारा होता. त्यात एअरटेलचं सिम घातलं तर ४जीच मिळायचं. खोक्यावर मात्र मोठ्या अक्षरांत ५जी. एअरटेलवाल्यांनी एनएसए आहे का, हा प्रश्न दुकानदाराला विचारायचाच.

स्पीड किती लागतो?

स्पीड टेस्टमधला आकडा एमबीपीएसमध्ये, म्हणजे मेगाबिटमध्ये असतो. मेगाबाईट हवे असतील तर आठने भागा. ४० एमबीपीएस म्हणजे सेकंदाला ५ एमबी. यूट्यूबवर फुल एचडी व्हिडिओला ५ एमबीपीएसच्या आसपास पुरतात, यूपीआयला तर नाममात्र डेटा लागतो. त्यामुळे ३०० की ६०० याच्या मागे लागून दहा हजार जास्त घालवू नयेत, असं आमचं स्पष्ट मत आहे. स्पीड कमी असला तरी टिकून राहणारा असावा.

टॉवरचा डेटा तिथल्या सगळ्यांत वाटला जातो. गणपतीत चाकरमानी गावाला आले की त्याच टॉवरवर कितीतरी जास्त फोन येतात आणि नेट रडायला लागतं. त्यात तुमच्या फोनचा दोष नसतो. मात्र दोन बँड एकत्र जोडून डेटा घेणारा फोन अशा गर्दीत थोडा बरा चालतो. त्याला कॅरिअर अ‍ॅग्रिगेशन म्हणतात, चालू असलं की काही फोनवर ४जी+ असं दिसतं.

घरी करून बघा

फोनच्या कांड्या बघून अंदाज बांधू नका, प्रत्येक कंपनी त्या आपल्या हिशोबाने दाखवते. अँड्रॉईड फोनमध्ये सेटिंगमध्ये जाऊन अबाऊट फोन, मग सिम स्टेटस उघडा. तिथे सिग्नल स्ट्रेंथपुढे उणे चिन्ह असलेला आकडा डीबीएममध्ये, म्हणजे सिग्नल मोजायच्या मापात दिसेल. ४जीवर उणे ९० च्या आसपास असेल तर छान, उणे ११५ च्या पलीकडे गेला तर कॉल तुटणार. पडवीत, माजघरात आणि स्वयंपाकघरात प्रत्येकी मिनिटभर थांबून आकडा लिहून ठेवा. पडवीत उणे ९५ आणि माजघरात उणे ११८ असं दिसलं, तर सिग्नल भिंतीत अडतोय. अशा घरात फायबरचं कनेक्शन असेल तर महागड्या फोनपेक्षा वाय-फाय कॉलिंगची सोय असलेला साधा फोन घ्या. रेंज नसली तरी वाय-फायवरून नेहमीच्याच नंबरवर फोन लागतो.

बाहेरून आलेला फोन

दुबई-कुवेतहून किंवा अमेरिकेहून भाऊ-भाचे फोन आणतात. तो तिथल्या कंपनीला लॉक केलेला नाही ना, हे आधी विचारा. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या आयफोनना १४ व्या मॉडेलपासून सिमची खाचच नाही, तिथे ई-सिम, म्हणजे कार्डाशिवाय फोनमध्येच चालू होणारं सिम करावं लागतं. काही परदेशी अँड्रॉईड फोनमध्ये आपल्याकडचं व्होल्टी, म्हणजे ४जीवरून साधा कॉल करायची सोय, चालू होत नाही. जिओला २जी-३जी नसल्यामुळे असा फोन जिओवर नेट दाखवतो, पण साधा कॉल लागत नाही.

फोन जुना घेणार असाल तर *#०६# दाबून आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनचा स्वतंत्र ओळख नंबर काढा. मेसेजमध्ये इंग्रजीत केवायएम, मग मोकळी जागा, मग तो नंबर टाइप करून १४४२२ ला पाठवा. नंबर खरा आहे का आणि त्यावर बंदी आहे का, ते कळतं.

येताना तुमचं सिम, लिहून ठेवलेले आकडे आणि वाडीचं नाव घेऊन या. आमच्याकडच्या डेमो फोनमध्ये सिम घालून बघा, घाई करू नका. रिचार्ज कितीचा मारता तेही सांगा: जिओ आणि एअरटेलने जुलै २०२४ पासून अमर्याद ५जी रोज २ जीबी किंवा त्याहून मोठ्या प्लॅनलाच ठेवलं. तुम्ही दीड जीबीच्या प्लॅनवरच राहणार असाल, तर चांगला ४जी फोनही आम्ही आनंदाने दाखवू.