पुट्टी वेगळी, जॉइंटिंग कंपाउंड वेगळं

जिप्सम बोर्डाच्या फॉल्स सीलिंगच्या जोडावर बारीक रेघ आली की म्हापसा असो की मडगाव, कोणालाही विचारा, उत्तर एकच, "पुट्टी मार, जातली." मारतात, वर रंगही लावतात, आणि चवथीला पाहुणे यायच्या आत रेघ परत हजर. मग बोर्डाला शिव्या, नाहीतर इथल्या दमट हवेला.

पुट्टी सगळ्यांना माहीत आहे. पांढऱ्या सिमेंटची पावडर, पाण्यात कालवायची, प्लास्टरवर पातळ दोन कोट, झालं. चिऱ्याच्या भिंतीवर सिमेंटचं प्लास्टर असेल तर तिथे पुट्टीच पाहिजे, त्याबद्दल भांडण नाही. जॉइंटिंग कंपाउंड, म्हणजे बोर्डांच्या जोडात भरायचा लगदा, तेही पांढरंच असतं, भाव नि पॅकिंगचं सोडून द्या.

फरक कामाचा आहे. पुट्टी भिंत गुळगुळीत करते, कंपाउंड टेप, म्हणजे जोडावर बसवायची पट्टी, धरून ठेवतं. प्लास्टरची भिंत एकसंध, सहसा हलत नाही. जिप्सम बोर्ड म्हणजे पत्र्याच्या फ्रेमला स्क्रूने धरलेले सुटे तुकडे, हवा बदलली, वर कोणी धपाधप चाललं तरी किंचित हलतात आणि ते सगळं हलणं जोडावर येऊन जमतं. तिथला ताण नुसती पावडर सोसत नाही, कंपाउंडसुद्धा नाही, सोसते ती टेप! म्हणून टेपशिवाय कंपाउंड भरणारे आणि पुट्टी भरणारे, दोघांचं काम फुकट. आणि टेप लावली पण खाली पुट्टी घातली तरी उपयोग नाही, कारण कंपाउंड टेपचा कागद आणि बोर्डाचा कागद दोन्ही पकडायलाच बनवलेलं असतं, सिमेंटची पुट्टी कडक आणि ठिसूळ, कागदावर तिची पकड तशी नसते, टेप सुटून येते.

बोर्डाच्या लांब कडा बहुतेक कारखान्यातूनच उतरत्या येतात, ती खोलगट जागा टेपसाठीच ठेवलेली असते. जुनी पुट्टी खरवडून काढा, कंपाउंडचा थर द्या, त्यात साधारण ५० मिलिमीटर रुंद कागदी टेप पत्तीने दाबून बसवा, आत हवा राहू देऊ नका. वाळलं की आणखी दोन कोट, प्रत्येक आधीच्यापेक्षा रुंद, शेवटी बारीक पॉलिश पेपर, हलक्या हाताने. जाळीची टेप स्वतःच चिकटते म्हणून लोकांना आवडते, मला नाही.

आपल्याकडे पावसाळ्यात अजून एक बघा, बादलीतलं तयार कंपाउंड पाणी उडूनच वाळतं आणि जुलैत ते दुसऱ्या दिवशीही ओलं सापडतं. जिप्समची पावडर पाण्यात कालवली की आपोआप घट्ट होते, मी तीच घेतो, फक्त थोडी थोडी कालवा, नाहीतर घमेल्यातच दगड होतो. रंगाआधी मात्र तीही पूर्ण वाळू द्या. आणि वरून पाणी गळत असेल तर आधी ते थांबवा, नाहीतर सगळंच परत.

स्क्रूचं भोक कंपाउंडने भरलं की झालं. मुठीएवढं असेल तर चौकोनी कापून मागे लाकडी पट्टी स्क्रूने आवळा, तिच्यावर बोर्डाचा तुकडा, चारही कडांना टेप. माटोळीसाठी, म्हणजे चवथीला गणपतीच्या वर टांगतात त्या फळा-पानांच्या लाकडी चौकटीसाठी, बोर्डात हुक मारून पाडलेली भोकंही अशीच बुजवा, आणि पुढच्या वेळी हुक थेट वरच्या स्लॅबमध्ये मारा, माटोळीचं ओझं बोर्डाला झेपत नाही.