बाह्य योगदान (मुक्तस्रोत सॉफ्टवेअर)

कंपनीच्या मुक्तस्रोत (म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता, बदलता येतो अशा) सॉफ्टवेअरसाठी कंपनीच्या नोकरीत नसलेल्या व्यक्तीने पाठवलेला कोड, भाषांतर किंवा दुरुस्ती म्हणजे बाह्य योगदान. ते बहुधा पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'हा बदल तुमच्या कोडमध्ये घ्या' अशी विनंती, म्हणून येते. दोन-चार डेव्हलपरांच्या कंपनीला हे फुकटचे काम वाटते. प्रत्यक्षात कोड मर्ज झाला, म्हणजे मूळ कोडमध्ये मिसळला, की तो सांभाळणे कंपनीच्या गळ्यात पडते, मालकी मात्र आपोआप येत नाही.

सॉफ्टवेअरचा परवाना कंपनी जगाला काय देते ते सांगतो. योगदानकर्ता कंपनीला काय देतो, हे वेगळे ठरवावे लागते. सर्वांत सोपी रीत म्हणजे ज्या परवान्याने कोड बाहेर देतो, त्यानेच आत घेणे. कोड ठेवण्या-वाटण्याच्या गिटहब या संकेतस्थळाच्या अटींत हेच गृहीत आहे. त्यात पुढे परवाना बदलायचा झाला तर अडचण येते. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीचे ईआरपीनेक्स्ट हे व्यवसाय सांभाळण्याचे सॉफ्टवेअर जीपीएल-३ (वाटलेला बदलही त्याच परवान्यावर खुला ठेवायला लावणारा परवाना) खाली आणि ते ज्यावर उभे आहे ते फ्रॅपे फ्रेमवर्क एमआयटी या सैल परवान्याखाली आहे. अशा जोडीत बाहेरच्याने केवळ जीपीएलखाली दिलेला कोड त्याला न विचारता एमआयटीच्या बाजूला नेता येत नाही.

दुसरी रीत साइन-ऑफची. लिनक्सच्या गाभ्याने (कर्नेलने) ती २००४ मध्ये, लिनक्समधल्या कोडवर हक्क सांगत एससीओ कंपनीने कोर्टकचेरी सुरू केल्यावर, सुरू केली. प्रत्येक कमिटखाली (नोंदवलेल्या बदलाखाली) 'साइन्ड-ऑफ-बाय' आणि नाव-ईमेल लिहून हा कोड देण्याचा हक्क आपल्याला आहे, अशी ग्वाही योगदानकर्ता देतो. बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिट या साधनाच्या कमिट आज्ञेला 'एस' पर्याय जोडला की ओळ आपोआप उमटते. ती विसरणारे बरेच असतात, म्हणून तपासणी बॉटकडे, म्हणजे आपोआप चालणाऱ्या प्रोग्रामकडे, सोपवतात.

तिसरी रीत योगदान-परवाना कराराची, म्हणजे योगदानकर्त्याने कोडवरचे हक्क कंपनीला सही करून देण्याची. डेटाबेस बनवणाऱ्या स्वीडनच्या पूर्वीच्या मायएसक्यूएल एबीसारखी जी कंपनी तोच कोड जीपीएल आणि व्यापारी अशा दोन्ही परवान्यांवर विकते, तिला साऱ्या कोडवर पुरेसे हक्क हवेतच. पण अशा सहीमुळे योगदानकर्ते बिचकतात. गिटहबसारखीच सेवा देणाऱ्या गिटलॅबने २०१७ मध्ये करार सोडून साइन-ऑफ स्वीकारले.

भारतात कराराचा मसुदा नीट वाचावा लागतो. कॉपीराइट कायदा, १९५७ च्या कलम १९ नुसार हस्तांतरण लेखी आणि सहीचे हवे. त्यात मुदत लिहिली नसेल तर ती ५ वर्षे धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. कलम ३०अ मुळे हे परवान्यांनाही लागू होते. म्हणजे 'कायम' आणि 'जगभर' हे दोन शब्द गाळले की सहाव्या वर्षी वाद उभा राहू शकतो. शिवाय कलम १७ प्रमाणे नोकरीच्या कामात लिहिलेल्या कोडचा पहिला मालक, वेगळा करार नसेल तर, नोकरी देणाराच. आयटी कंपनीतल्या माणसाने आपल्या नावाने केलेली सही तिथे अपुरी. मालकाचे संमतिपत्र मागावे.

कोड तपासताना एका पुल रिक्वेस्टमध्ये एकच बदल असावा. दुरुस्ती असेल तर जुन्या कोडवर नापास आणि नव्यावर पास होणारी टेस्ट मागावी. दुरुस्तीसोबत आख्ख्या फाइलचे फॉरमॅटिंग बदलून आले, की खरा तीन ओळींचा बदल शेकडो ओळींत हरवतो. तो न वाचता परत पाठवणे रास्तच. मोठी सुविधा लिहिण्याआधी इश्यू (चर्चेची नोंद) उघडून चर्चा करावी, असे मार्गदर्शक फाइलमध्ये आधीच लिहिलेले बरे. महिनाभर खपून केलेले काम नाकारणे दोघांनाही जड जाते.

धोका स्वयंचलित टेस्टमध्येही असतो. गिटहब ॲक्शन्स या टेस्ट वगैरे आपोआप चालवणाऱ्या सोयीत फोर्कमधून (बाहेरच्याने केलेल्या कोडच्या प्रतीतून) आलेल्या साध्या पुल रिक्वेस्टला कंपनीच्या गुप्त किल्ल्या (पासवर्डसारखी माहिती) मिळत नाहीत. 'पुल-रिक्वेस्ट-टार्गेट' प्रकारात त्या मिळू शकतात. तिथे आलेला कोड चेकआउट करून (उतरवून घेऊन) चालवला, तर त्यातली बिल्ड स्क्रिप्ट (सॉफ्टवेअर तयार करणाऱ्या आज्ञांची फाइल) किल्ल्या बाहेर पाठवू शकते. लेबल आपोआप लावण्यापुरताच तो प्रकार वापरावा.

बाहेरचा कोड घ्यायलाच हवा असेही नाही. एसक्यूलाइट या डेटाबेसचा सगळा कोड सार्वजनिक मालकीचा (पब्लिक डोमेन), म्हणजे कोणाचाही कॉपीराइट नसलेला, आहे. तो तसाच राहावा म्हणून डी. रिचर्ड हिप यांचा छोटा चमू अनोळखी लोकांचे पॅच (बदलाचे तुकडे) घेत नाही. कोणी पाठवलाच, तर त्यातली कल्पना पाहून कोड नव्याने लिहिला जातो.