घोडा बुक करताना ‘उधळतो ना?’ असं विचारू नका

वरातीला नाहीतर शिगम्याच्या (आमच्या गोव्यातल्या होळीच्या सणाच्या) मिरवणुकीला घोडा पाहिजे म्हणून डिचोली, म्हापसा, फोंडा कुठूनही आम्हाला मेसेज येतात आणि त्यात एक प्रश्न ठरलेला, "घोडा मस्त उधळतो ना?" अहो, उधळणारा घोडा आम्ही ठेवतच नाही.

घोडा उधळला म्हणजे बुजला आणि लगामाला न जुमानता वाट फुटेल तिकडे सुटला. चौखूर उधळला म्हणतात ते हेच. बैलपण उधळतो, कधी गाडीसकट. तुम्हाला पाहिजे ते वेगळं. वरातीत घोडा चालतो, रस्ता रिकामा असेल तर दुडक्या चालीने जातो, त्यात पुढचा एक आणि त्याच्या तिरक्या बाजूचा मागचा एक असे दोन पाय एकदम पडतात म्हणून वरचा नवरदेव टणाटण उडतो आणि फेटा सैल होतो. दौडतो तो मोकळ्या मैदानात. आणि रील्समध्ये बघता ते जागच्या जागी पाय उचलणं, त्याला नाचतो म्हणा, आम्हाला कळतं.

मागच्या सीझनला एका लग्नातून फोन, "तुमचा घोडा काय उधळलाय हो!" आणि कट. मी फोंड्याचं दुसरं काम अर्धवट टाकून गाडी मारत म्हापशाला, तर घोडा ताशावर आरामात नाचतोय आणि काका म्हणतात, कौतुक करायला फोन केला होता. फोंड्याच्या पार्टीने मला काय ऐकवलं ते इथं लिहीत नाही.

घोळ होणारच म्हणा. घरी कोकणीत "घोडो धांवता" म्हटलं की झालं, मराठीत लिहायचं म्हटल्यावर भारी शब्द सुचतो. त्यात गुलाल उधळतात, फुलं उधळतात, म्हणून शब्द सणासुदीचा वाटतो. (पैसे उधळले म्हटलं की मात्र बायको विचारते कुठे.) फरक एवढाच, गुलाल कोणीतरी उधळतो, घोडा आपला आपण उधळतो.

आणि गुलाल उधळला की घोडा उधळतो, ही खरी अडचण. घोड्याचे डोळे बाजूला, त्याला जवळजवळ चहूबाजूचं दिसतं पण अगदी पाठीमागचं आणि नाकासमोरचं दिसत नाही, तिथून मूठभर गुलाल आला की तो आधी पळतो, मग बघतो. म्हणून आम्ही मागे जागा सोडा म्हणतो, तर लोक म्हणतात भाव खातात. सत्तरीतल्या घोडेमोडणीचे, म्हणजे शिगम्यातल्या नाचाचे, घोडे लाकडाचे, नाचणाऱ्यांच्या कमरेला बांधलेले, त्यांच्यावर पाहिजे तेवढा टाका.

आमचे घोडे ढोल-ताशाला सरावलेत आणि प्रत्येकाबरोबर दोन माणसं असतात, एक लगामाला आणि एक मागे, रेट थोडा जास्त दिसतो तो त्यासाठी. बुकिंगच्या मेसेजमध्ये तारीख, गाव आणि नुसतं "चालणारा" की "नाचणारा" एवढं टाका. गुलाल शेवटाला, घोडा बाजूला नेल्यावर, तेव्हा आमची पोरंपण नाचायला येतात.