सेव्ह (बेसबॉल)

सेव्ह : बेसबॉलमध्ये संघाची आघाडी अखेरपर्यंत राखून सामना संपवणाऱ्या रिलीफ पिचरच्या (आधीच्या पिचरच्या जागी सामन्याच्या मध्येच चेंडू टाकण्यास येणाऱ्या खेळाडूच्या) नावे होणारी अधिकृत नोंद. अमेरिकेतील मेजर लीग या अव्वल व्यावसायिक स्पर्धेने ती १९६९ च्या हंगामापासून स्वीकारली. ७ एप्रिल १९६९ रोजी लॉस एंजेलिस डॉजर्सचा बिल सिंगर तिचा पहिला मानकरी ठरला. हे काम नेमाने करणाऱ्या पिचरला ‘क्लोजर’ म्हणतात.

या नोंदीचे जनकत्व सामान्यतः ‘शिकागो सन-टाइम्स’चे क्रीडापत्रकार जेरोम होल्ट्झमन यांना दिले जाते. १९५९ मध्ये पिट्सबर्ग पायरेट्सच्या एलरॉय फेसने १८ विजय आणि १ पराभव अशी थक्क करणारी कामगिरी नोंदवली. होल्ट्झमन यांचा आक्षेप असा, की फेस आघाडी गमावून बसे, मग त्याचे फलंदाज सामना खेचून आणत आणि विजय मात्र त्याच्या नावावर लागे. शिकागो कब्जचे डॉन एल्स्टन व बिल हेन्री त्याच वर्षी आघाडी राखत असूनही दुर्लक्षित राहिले. फेसने खरोखर किती वेळा आघाडी गमावली, याबाबत होल्ट्झमन यांच्या कथनात काहीशी अतिशयोक्ती असावी. शिवाय डॉजर्सचे सांख्यिकीतज्ज्ञ ॲलन रॉथ हे साधारण १९५१ पासून सेव्ह मोजत होते. मात्र त्यांच्या हिशेबात आघाडी किती धावांची होती याला महत्त्व नव्हते. जिंकलेला सामना संपवणारा आणि स्वतः विजयी न ठरलेला कोणताही रिलीफ पिचर त्यास पात्र होता. होल्ट्झमन यांनी बरोबरीची किंवा विजयाची धाव काढू शकणारा फलंदाज समोर असण्यासारख्या कसोट्या लावल्या. त्यामुळे संज्ञा आधीची, पण कसोटीची कल्पना होल्ट्झमन यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. १९६९ पूर्वीच्या खेळाडूंचे आज दिसणारे सेव्ह जुन्या धावफलकांवरून मागाहून काढलेले आहेत.

१९६९ चा नियम सैल होता. तो १९७४ मध्ये कडक झाला आणि १९७५ मध्ये पुन्हा शिथिल होऊन आजच्या रूपात स्थिरावला. त्यानुसार पिचरने जिंकलेला सामना संपवलेला असावा, तो स्वतः विजयी पिचर (विजय ज्याच्या नावे लागतो तो) नसावा, त्याने किमान एक फलंदाज बाद होईपर्यंत पिचिंग केलेले असावे आणि पुढीलपैकी एक अट पूर्ण व्हावी : तीन किंवा कमी धावांची आघाडी असताना येऊन किमान एक डाव टाकणे, बरोबरी साधू शकणारा खेळाडू बेसवर, फलंदाजीस किंवा त्यानंतरच्या क्रमावर असताना येणे, किंवा किमान तीन डाव परिणामकारकपणे टाकणे. या तिसऱ्या अटीमुळेच २२ ऑगस्ट २००७ रोजी टेक्सास रेंजर्सने बॉल्टिमोरला ३०–३ असे हरवले, तेव्हा वेस लिटलटनला सेव्ह मिळाला.

ऑकलंडचे व्यवस्थापक टोनी ला रुसा यांनी १९८८ च्या सुमारास डेनिस एकर्स्लीला मुख्यतः शेवटच्या, म्हणजे नवव्या डावासाठी राखून ठेवले आणि ती पद्धत सर्वत्र रूढ झाली. आपल्याकडे टी-ट्वेंटीत शेवटचे षटक ठरावीक गोलंदाजासाठी राखतात, तसाच हा प्रकार. सर्वोत्तम रिलीफ पिचरला सातव्या-आठव्या डावातील अधिक बिकट प्रसंगी वापरावे, असे विश्लेषक म्हणतात, आणि त्यात तथ्य आहे. सर्वाधिक ६५२ सेव्ह मारियानो रिव्हेराच्या नावावर असून त्याखालोखाल ट्रेव्हर हॉफमनचे ६०१ आहेत.

फॅन्टसी बेसबॉलमध्ये (खऱ्या खेळाडूंचे काल्पनिक संघ बांधून त्यांच्या आकडेवारीवर गुण मोजण्याच्या खेळात) या नोंदीला वेगळेच मोल आले. १९८० मध्ये डॅनियल ओक्रेंट व त्यांच्या मित्रांनी सुरू केलेल्या ‘रोटिसरी’ खेळात पिचिंगचे चारच निकष होते आणि सेव्ह त्यांपैकी एक होता. सेव्ह मोजक्याच पिचरांना मिळत असल्याने खेळाडूच्या कौशल्याइतकीच त्याची संघातील जागाही महत्त्वाची ठरते.

डॉमिनिकन प्रजासत्ताकातील फर्नांडो रॉडनीची कारकीर्द (२००२–१९) याचे स्पष्ट उदाहरण होय. तो एकूण ११ संघांकडून खेळला आणि त्याने ३२७ सेव्ह मिळवले. २०११ मध्ये एंजल्स संघात त्याची क्लोजरची जागा गेली आणि त्या हंगामात त्याच्या नावावर जेमतेम ३ सेव्ह लागले. पुढच्या हंगामात टँपा बे रेजचा क्लोजर काइल फार्न्सवर्थ जखमी झाला, ती जागा रॉडनीला मिळाली आणि त्याने ०.६० ईआरएसह (पिचरने दर नऊ डावांमागे दिलेल्या धावांची सरासरी; ती जितकी कमी तितकी चांगली) ४८ सेव्ह नोंदवले. २०१६ मध्ये सॅन डिएगो पॅड्रेसकडून १७ सेव्ह व ०.३१ ईआरए अशी कामगिरी करत असताना ३० जूनला त्याची मायामी मार्लिन्सशी अदलाबदल झाली. तेथे ए. जे. रामोस हा क्लोजर आधीच होता. उर्वरित हंगामात रॉडनीच्या वाट्याला ८ सेव्ह आले आणि ईआरए ५.८९ वर गेला. याउलट २०१७ मध्ये ॲरिझोनाकडून ईआरए ४.२३ असूनही त्याने ३९ सेव्ह मिळवले, कारण नववा डाव त्याच्याकडेच होता. सेव्हसोबत ‘होल्ड’ (आघाडी राखून ती पुढच्या पिचरकडे सोपवणाऱ्या रिलीफ पिचरची नोंद) धरणाऱ्या फॅन्टसी लीगमध्ये असा फरक काहीसा सौम्य होतो.

जपानच्या व्यावसायिक बेसबॉलने सेव्ह १९७४ मध्ये स्वीकारला. तेथील ४०७ सेव्हचा विक्रम हितोकी इवासेचा असून ते सर्व त्याने चुनिची ड्रॅगन्स या एकाच संघाकडून मिळवले.