उंचीवर ‘पित्त’ होत नाही

लेहच्या गेस्टहाउसमध्ये पहिल्याच संध्याकाळी माझ्या मेहुण्याने ताट बाजूला सारलं. “डोकं ठणकतंय, मळमळतंय. पित्त झालंय, सकाळपासून पोटात काही नाही ना.” ताईने पर्समधून पित्ताची गोळी काढलीसुद्धा. मेहुणा हाफ मॅरेथॉन पळणारा, पावसाळ्यात दर रविवारी कर्जत नाहीतर कसारा लोकल पकडून गड चढणारा. पहाटे तो दादरला समुद्रसपाटीवर होता आणि दुपारी साधारण ३,५०० मीटरवर!

आपल्याकडे डोकेदुखी आणि मळमळ एकत्र आली की पित्त, हे ठरलेलंच. उंचीवर हीच सवय घात करते. साधारण २,५०० मीटरच्या वर डोकं दुखायला लागलं आणि सोबत भूक मेली, मळमळ, चक्कर किंवा गळाठा असेल, तर दुसरं कारण सापडेपर्यंत तो विरळ हवेचाच त्रास समजावा. कळसूबाई १,६४६ मीटर. म्हणजे सह्याद्रीत कितीही भटकलात तरी ही परीक्षा झालेलीच नसते.

हवेत ऑक्सिजनचं प्रमाण लेहलाही २१ टक्केच असतं. कमी होतो तो हवेचा दाब, आणि म्हणून प्रत्येक श्वासात ऑक्सिजन मुंबईच्या जेमतेम दोन-तृतीयांश मिळतो. शरीर मग जोरजोरात श्वास घेऊ लागतं. पण त्यात कार्बन डायऑक्साइडही भराभर निघून जातो, रक्ताची आम्लता घटते आणि मेंदू श्वासाला लगाम घालतो. रात्री झोपेत श्वास मध्येच थांबतो आणि माणूस दचकून उठतो, तो यामुळे. हा लगाम सैल करतात मूत्रपिंडं, जादा बायकार्बोनेट लघवीवाटे टाकून. त्याला काही दिवस लागतात आणि पळण्याच्या सरावाने हे काम लवकर उरकत नाही. डायमॉक्सची गोळी नेमकं हेच काम लवकर करून देते. ती निघण्यापूर्वी डॉक्टरांना विचारूनच घ्यावी. सल्फा औषधांची अ‍ॅलर्जी असेल तर आवर्जून सांगावं. कापूर हुंगल्याने नाक मोकळं वाटतं, रक्तातला ऑक्सिजन वाढत नाही.

त्या रात्री मेहुण्याला मी कॉरिडॉरमधल्या फरशीच्या रेघेवरून चालायला लावलं, टाचेला चवडा भिडवत. तो सरळ चालला, तेव्हा जीव भांड्यात पडला. तोल गेला असता किंवा बोलणं असंबद्ध झालं असतं, तर मेंदूला सूज आली असं समजून रात्रीच खाली न्यावं लागलं असतं. बसल्या जागी धाप लागणं आणि खोकला हे फुप्फुसांत पाणी भरल्याचं लक्षण. १९६२ च्या युद्धात घाईने वर नेलेल्या आपल्या धडधाकट जवानांनाही याने गाठलं होतं. दोन्हींत सकाळची वाट पाहायची नसते. ऑक्सिजन लावावा, पण खाली उतरवणं टाळू नये. आणि हा निर्णय सोबत्यांनी घ्यायचा, कारण आजारी माणूस “मी ठीक आहे” असंच म्हणत राहतो.

आम्ही खारदुंग ला या उंच खिंडीचा बेत पुढे ढकलला, दोन दिवस लेहमध्येच काढले, दारूला हात लावला नाही. तिसऱ्या दिवशी मेहुण्याने नाश्त्याला दुसरा पराठा मागून घेतला.

३,००० मीटरच्या वर रोजचा मुक्काम आदल्या रात्रीपेक्षा ५०० मीटरहून जास्त उंच नको, आणि तीन-चार दिवसांनी एक दिवस विश्रांती. रस्त्याने गेलं म्हणजे आपोआप सवय होते, हेही खरं नाही. मनालीहून जाताना सरचूचा मुक्काम लेहपेक्षाही उंच, ४,२०० मीटरच्या वर पडतो. श्रीनगर-कारगिल मार्गे चढ हळूहळू येतो. पुढच्या वर्षी आई-बाबांना न्यायचंय, तेव्हा तिकिटं श्रीनगरची काढणार आहोत.